सासरचं कुलूप गार असतं

माझ्या दुकानाच्या पाटीवर नावाच्या खाली लाल रंगात एक ओळ होती : ‘माणूस चुकतो, कुलूप चुकत नाही.’ ओळ मीच केलेली. पेंटरनं विचारलं होतं, हे कुणाचं वचन आहे? मी म्हणालो, माझं. मागच्या वर्षी त्याच पेंटरला बोलावून मी ती पुसून घेतली. तेव्हापासून येणारा-जाणारा विचारतो, चाचा, ओळ कुठं गेली? प्रत्येकाला सांगत बसलो तर काम कधी करायचं? या अंकाचे संपादक ‘तुमच्या धंद्यावर काहीतरी लिहा’ म्हणाले, तेव्हा म्हटलं एकदाच लिहून टाकू. ज्याला विचारायचं असेल त्यानं अंक घ्यावा.

मी गफूर. नगरला कापडबाजाराच्या मागच्या बोळात माझं दुकान आहे. वडील ट्रंकांची आणि कपाटांची कुलपं दुरुस्त करायचे, त्यांच्या मांडीला मांडी लावून शिकलो. शाळा चौथीपर्यंत. लोक मला चौथी नापास म्हणतात, ते खोटं आहे. मी परीक्षेला बसलोच नाही, तर नापास कसा होईन? बसलो असतो तर पास झालो असतो. संपादक म्हणाले, चाचा, तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो. मी म्हटलं, मराठी मला लिहिता येतं, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं तुमचं तुम्ही बघा.

आता धंदा सांगतो. आपण समोर गेलो की आपोआप सरकणारी काचेची दारं सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांच्या डोक्यावर लांब डबा असतो, त्यात मोटर आणि पट्टा. डब्याला एक डोळा असतो, त्याला सेन्सर म्हणतात. माणूस दिसला की डोळा मोटरला सांगतो आणि मोटर दार ओढते. एवढं काम कंपनीवाले करून जातात. पण दार बंद केल्यावर ते बंदच राहावं म्हणून त्यात विजेवर चालणारं कुलूप लागतं. कुलूप आलं की गफूर आला. नगर जिल्ह्यात या कुलपांची खोड काढणारा पहिला मिस्त्री मी. दुसरा कोणी असेल तर त्यानं माझ्याकडूनच शिकलेलं असणार.

या कामात कुलूप कमी आणि माणसं जास्त दुरुस्त करावी लागतात. एका साडीच्या दुकानात दसऱ्याच्या दिवशी दार सारखं उघडायला आणि मिटायला लागलं. मालक घाबरले, म्हणाले, कोणीतरी काहीतरी केलंय. केलं होतं त्यांनीच. डोळ्यासमोर चकचकीत तोरण बांधलं होतं, पंख्याचा वारा लागला की तोरण हलायचं आणि दार तोरणाला ‘या’ म्हणायचं. मी तोरण वीतभर सरकवलं. मालक म्हणाले, एवढंच? मी म्हटलं, एवढंच कळायला तीस वर्षं लागतात.

नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं दार चुंबकाच्या कुलपाचं होतं. लोखंडाला लोखंड घट्ट भिडलं की चुंबक धरतो, मध्ये कागद जरी आला तरी जोर जातो. खंडेनवमीला कामगारांनी सगळ्या यंत्रांची पूजा केली. कुलूपही यंत्रच, म्हणून चुंबकाच्या तोंडाला हळद-कुंकू लावलं, वर झेंडूची पाकळी चिकटवली. दुसऱ्या दिवशी दार धरेना. मी मालकांना विचारलं, ही पूजा माझ्या हातानं पुसली तर चालेल का? मालक म्हणाले, “चाचा, तुम्ही दार लागू द्या. देवाशी मी बोलतो.” रुमालानं पुसलं. रुमाल अजून पिवळा आहे.

आणखी एक व्यापारी होते, त्यांना असं दार पाहिजे होतं जे गिऱ्हाइकाला उघडेल पण त्यांच्या साडूला उघडणार नाही. मी म्हटलं, असं कुलूप अजून निघालं नाही. ते म्हणाले, निघालं की पहिलं मला सांगा.

खोड काढायची माझी एक रीत आहे. मालकाला काहीही विचारायचं नाही. जो माणूस रोज संध्याकाळी दार लावतो, त्याला विचारायचं. मालक दारातून फक्त जातो. लावणाऱ्याच्या हाताला दाराची नाडी माहीत असते. ही रीत मी सगळीकडे पाळली. एके ठिकाणी पाळली नाही, तेच आता सांगायचं आहे.

त्याआधी कुलपाच्या दोन जाती समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. एका जातीचं कुलूप वीज गेली की उघडतं. दवाखान्यात, सिनेमागृहात हेच पाहिजे, आत माणसं अडकायला नकोत. दुसऱ्या जातीचं कुलूप वीज गेली तरी धरून राहतं, त्याला उघडायलाच वीज लागते. जिथं रात्रभर माल बंद ठेवायचा तिथं हे पाहिजे. यांना इंग्रजीत नावं आहेत, ती माझ्या तोंडात बसत नाहीत. मी पहिल्याला माहेरचं कुलूप म्हणतो आणि दुसऱ्याला सासरचं. संकट आलं की माहेरचं दार उघडतं. सासरचं काही झालं तरी धरून ठेवतं. आमच्या बेगमला ही नावं पसंत नाहीत. ती म्हणते, सासरचं दार कसं असतं हे तुम्हाला काय ठाऊक, तुम्ही तर तिथं जावई.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. माहेरच्या कुलपात वीज सारखी वाहत असते, म्हणून ते हाताला कोमट लागतं. सासरच्या कुलपात वीज फक्त उघडताना क्षणभर जाते. बाकी वेळ ते गार असतं.

पारनेर तालुक्यातल्या एका गावात एक पतसंस्था आहे. नाव लिहीत नाही. तिच्या चेअरमननी, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, नवी इमारत बांधली आणि पुढं मोठी काच बसवली. शटर बसवू दिलं नाही. म्हणाले, एवढी काच घेतली ती शटरनं झाकायला का? आत तिजोरीची खोली वेगळी, लोखंडी दाराची, त्यामुळं धोका तसा नव्हता. काचेच्या दाराचं कुलूप मी बसवलं. सासरचं मागवलं होतं, विजेच्या जोडीला बॅटरीही दिली होती. तीन वर्षं कुलपानं कुणाला उलटून उत्तर दिलं नाही.

ही पतसंस्था शुक्रवारी बंद असते, कारण त्या गावची बाजारपेठच शुक्रवारी बंद. गुरुवारी संध्याकाळी दार लावायचं ते शनिवारी सकाळी उघडायचं. लावायचं काम हिराबाईंचं. हिराबाई तिथं अठरा वर्षं शिपाई आहेत. पतसंस्था भाड्याच्या दोन खोल्यांत होती तेव्हापासून. मोटरचं बटण बंद करायचं, कुलपाची चावी फिरवायची, लाल दिवा लागला की काच तीनदा ओढून बघायची आणि घरी जायचं.

एका शनिवारी मॅनेजर आले तर दार वीतभर उघडं. लाल दिवा चालू, कुलपाची जीभ बाहेर आलेली, पण दार सरकलेलं. काहीही चोरीला गेलं नव्हतं. फक्त मॅनेजरच्या खुर्चीत एक कुत्रं झोपलेलं होतं. मॅनेजरना त्या गोष्टीचा राग जास्त आला. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. तेच दार, तीच खुर्ची, तेच कुत्रं. मॅनेजर म्हणाले, बाईंनी दार पूर्ण न मिटवताच चावी फिरवली. हिराबाई म्हणाल्या, मिटवलं होतं. मग मॅनेजरनी मला बोलावलं.

मी मंगळवारी गेलो. कुलूप वीस वेळा लावलं, वीस वेळा उघडलं. घड्याळासारखं चाललं. हिराबाई चहा घेऊन आल्या. मी चहा घेतला. त्यांना काही विचारलं नाही. दुसऱ्यानं बसवलेलं कुलूप असतं तर विचारलं असतं. हे माझं होतं.

मॅनेजर म्हणाले, “मिस्त्री, हे आपोआप उघडू शकतं का?”

मी म्हणालो, “माझ्या हातचं कुलूप आहे. माणूस चुकतो, कुलूप चुकत नाही.”

त्यांनी ते कागदावर लिहिलं आणि मला सही करायला सांगितली. मी सही केली. माझी सही मोठी आहे, चार बोटं जागा घेते. मोठ्या ऐटीत केली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, बुधवारी दुपारी, हिराबाई माझ्या दुकानात आल्या. पारनेरहून एसटीनं. त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली, मान वर करून पाटी वाचली, मग माझ्याकडं बघितलं.

“ही वळ तुमचीच व्हय चाचा?”

“माझीच.”

“तिसऱ्यांदा दार उघडं सापडलं. येत्या सोमवारी मिटिंग हाय. मला काढणार हायेत. तुमचा कागद फायलीला लावलाय, त्यावरनंच काढणार. तर म्हटलं चाचाला इचारावं. कुलूप चुकत न्हाई म्हणता, तर मी कुठं चुकते ती जागा दाखवा. अठरा वर्सं मला घावली न्हाई.”

मी त्यांना बसायला स्टूल दिलं. त्या बसल्या नाहीत. मी म्हटलं, “बाई, घाईत कधी दार अर्धं राहतं. माणूस आहे.”

“घाई मला कसली? घरी सून हाय, सैपाक ती करती. मी सावकाश जाते. तीनदा काच वढते. मग घटकाभर पायरीवर बसते आन कुलपाला हात लावते.”

“हात कशाला लावता?”

“पोराला ताप हाय का बघतात तसा. रोजचंच हाय ते. गरम लागलं की समजायचं लागलं.”

माझ्या हातात कानस होती. ती खाली ठेवली.

“गरम लागतं?”

“कोमट. चहाचा कप वाईच इसरून ऱ्हायल्यावर लागतो तसं.”

“रोज?”

“रोज. तुमी बसवलं तवापासनं.”

सासरचं कुलूप गार असतं, हे मी वर लिहिलंच आहे. ते त्यांना सांगितलं नाही. एवढंच विचारलं की दार उघडं कधी सापडतं.

“शनिवारी. दर शनिवारी न्हाई, पन सापडलं की शनिवारीच. चाचा, तुमी आला ते मंगळवारी. शुक्रवारी या की.”

शुक्रवारी मी काम घेत नाही. चाळीस वर्षांचा नियम आहे. जुम्म्याची नमाज आणि मग घरचं जेवण. एकदा एक मोठे साहेब शुक्रवारी गाडी घेऊन आले होते, त्यांनाही शनिवारी या म्हटलं होतं. हिराबाईंना मी म्हणालो, “येतो. नमाज तुमच्या गावात पढेन.”

शुक्रवारी सकाळी नऊला पोचलो. हिराबाई पायरीवर बसल्या होत्या. दार बंद, लाल दिवा चालू, बाजारपेठ शांत. मी कट्ट्यावर बसलो. दहाच्या सुमाराला समोरच्या पिठाच्या गिरणीचा आवाज एकदम बंद पडला.

मी विचारलं, “काय झालं?”

“लाईट गेली. शुक्रवारी बाजार बंद आसतो, म्हणून लाईनवाले दुरुस्तीचं काम शुक्रवारीच काढतात. कधी काढतात, कधी न्हाई. काढलं तर दुपारनंतर येती.”

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“तुमी इचारलं का?”

मी पुन्हा काचेकडं वळलो. काचेतून लाल दिवा दिसत होता, बॅटरीवर चालला होता. अकरा वाजले, बारा वाजले. दिवा फिकट व्हायला लागला. मी बाईंना कुत्र्याबद्दल विचारलं, त्या म्हणाल्या, ते बाजारातलंच हाय, कुणाचं न्हाई. साडेबाराला मी उठलो. नमाजला जायला पाहिजे होतं. हिराबाईंना म्हटलं, नजर ठेवा.

परत आलो तर हिराबाई उभ्या होत्या आणि दोन्ही तळहात काचेला लावून दार दाबून धरलं होतं. पायरीवर ते कुत्रं येऊन बसलं होतं. त्याला वेळ पाठ होती. जे मला एवढे दिवस कळलं नाही ते त्याला कळलं होतं, की दिवा गेला की नाक फटीत घालून दार सरकवायचं आणि गार फरशीवरून आत जाऊन खुर्चीत झोपायचं. संध्याकाळी वीज आली की दिवा लागणार, कुलपाची जीभ बाहेर येणार, पण दार तर आधीच सरकलेलं. बघणाऱ्याला वाटणार, बाईंनी अर्धवट दारावर चावी फिरवली.

हिराबाई म्हणाल्या, “तुमी वळनावर गेला आन कुलपानं टक् करून सोडलं. हात काढू का?”

“काढा.”

त्यांनी हात काढले. कुत्रं उठलं. मी त्याला हाकललं आणि आत गेलो. कुलपाला हात लावला. गार होतं, आणि उघडं होतं. सासरचं म्हणून बसवलेलं कुलूप माहेरचं निघालं.

मी ते खोललं. या कुलपाच्या पाठीला एक लहान स्क्रू असतो. तो एका भोकात असला की कुलूप सासरचं, काढून शेजारच्या भोकात लावला की माहेरचं. स्क्रू माहेरच्या भोकात होता. आपोआप तर गेला नव्हता. त्याच्या डोक्यावर माझ्या पेचकसाची खूण होती. माझ्या पेचकसाचं एक टोक तुटलेलं आहे, त्याची खूण मी अंधारातही ओळखीन.

मग हळूहळू आठवलं. तीन वर्षांपूर्वी हे कुलूप जोडलं तेव्हा ते उलटं चाललं होतं. लावलं की उघडायचं, उघडलं की लागायचं. मी तो स्क्रू इकडचा तिकडं केला, चाल सरळ झाली, मी चहा पिऊन घरी गेलो. पण ते उलटं का चाललं होतं? कुलपाची तार ज्या पट्टीला जोडतात तिथं तीन स्क्रू असतात. त्यांच्याखाली इंग्रजी अक्षरं असतात. एकाखाली एन सी, मधल्याखाली कॉम, तिसऱ्याखाली एन ओ. इंग्रजी अक्षरं मी एसटीच्या नंबरावरून शिकलो आहे, सगळी येतात. एन ओ म्हणजे नो. नो म्हणजे नाही. म्हणजे इथं तार लावू नका. इतकं सरळ लिहिलेलं असताना तिथं तार लावायला मी काय खुळा होतो? आयुष्यात कधी लावली नाही. चुंबकाच्या कुलपांना एन सीच लागतं, त्यामुळं ती नेहमी बरोबर चालली. बाकीची उलटी चालायची, ती मी स्क्रू फिरवून सरळ करायचो. मला वाटायचं कंपनी ती उलटी पाठवते आणि मी सुधारतो. या गोष्टीचा मला थोडा अभिमानही होता.

त्या दिवशी पहिल्यांदा शंका आली. कुलपाच्या अंगावर कंपनीचा फोन नंबर होता, तो लावला. एक सभ्य पोरगा बोलला. मी विचारलं, “एन ओ म्हणजे काय?”

“नॉर्मली ओपन, काका. म्हणजे एरवी तिथून वीज जात नाही, हुकूम आला की जाते. तुमच्या कुलपाला तेच लागतं.”

“म्हणजे ‘नको’ नाही?”

पोरगा हसला नाही. चांगल्या घरचा असावा.

फोन ठेवला. हिराबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, “काय म्हणतंय?”

मी सगळं सांगितलं. दोन जाती, स्क्रू, नो, नको. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पट्टीजवळ वाकून तिसऱ्या स्क्रूखालची अक्षरं बघितली. त्या सातवी शिकल्या आहेत.

“मीबी नकोच वाचलं आसतं,” त्या म्हणाल्या. “पन मी सही केली नसती.”

तार एन ओला लावली. स्क्रू त्याच्या मूळच्या भोकात बसवला. आता वीज नव्हती, बॅटरी मेलेली, आणि कुलूप लागलेलं. हिराबाईंनी काच तीनदा ओढली. हलली नाही. कुत्र्यानं थोडा वेळ वाट बघितली आणि गेलं.

सोमवारी मी मिटिंगला गेलो. मला बोलावलं नव्हतं. अण्णा, मॅनेजर आणि सहा-सात मेंबर बसले होते. हिराबाई दाराशी, नेहमीच्या जागी. मी म्हटलं, कुलपात खोड सापडली. वीज गेली, बॅटरी संपली की ते सोडत होतं.

अण्णा जुने गृहस्थ. त्यांना माझा स्वभाव माहीत. ते लगेच म्हणाले, “बॅटरी ना चाचा? बॅटरीला कोण काय करणार? जुनी झाली असंल. नवी टाका, विषय संपला.”

खरं सांगतो, ते वाक्य मला फार आवडलं. बॅटरी जुनी झाली होती हे खोटं नव्हतं, नवी होती तोवर वीज येईपर्यंत ती तग धरायची. माझी पाटी राहिली असती, कागदावरची सही राहिली असती. मी मान हलवायच्या बेतात होतो.

तेवढ्यात मॅनेजर म्हणाले, “पण अण्णा, बॅटरीचा दिवा फिका झाला तर कळवायचं काम शिपायाचंच आहे. म्हणजे निष्काळजीपणा तर झालाच.”

मी हिराबाईंकडं बघितलं. त्यांच्या हातात चहाचा ट्रे होता. त्या मंगळवारी मी त्यांच्याकडून चहा घेतला होता तोच ट्रे.

मी म्हटलं, “बॅटरी नाही. मी. कुलूप मी चुकीचं बसवलं. बरोबर बसवलं असतं तर बॅटरी नसतानाही धरलं असतं.”

“चुकीचं म्हणजे कसं?” एका मेंबरनं विचारलं.

सांगावं लागलं. एन ओ, नो, नको. मेंबर हसले. अण्णाही हसले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी हसू दिलं. दोन मिनिटं चाललं. मग मी मॅनेजरना म्हटलं, तो कागद द्या. त्यांनी फायलीतून काढला. माझी सही चार बोटं पसरून बसली होती. मी ती खोडली आणि खाली लिहिलं : ‘कुलूप माझ्या हातनं चुकिचं बसलं. बाईंनी तिन्ही वेळा दार निट लावलं होतं. त्या रोज कुलपाला हात लावून बघत होत्या, मी विचारलं नाही.’ पुन्हा सही केली. या वेळी लहान.

मॅनेजरनी वाचलं आणि म्हणाले, “‘चुकीचं’मधली ‘की’ दीर्घ पाहिजे.”

मी म्हटलं, “ती एक तुम्ही दुरुस्त करा. बाकीच्या माझ्या मी करतो.”

हिराबाईंना काढलं नाही. माफी वगैरे कुणी मागितली नाही, अशा ठिकाणी मागत नसतात. अण्णा त्यांना म्हणाले, “हिरा, चहा गार झाला, परत कर.” त्यात सगळं आलं. माफी मी मागितली, बाहेर पायरीवर. त्या म्हणाल्या, “जाऊ द्या चाचा. पाटीवर आता ‘मिस्त्री चुकतो’ असं लिवा.” मी ओळ पुसून घेतली. त्यांची ओळ लिहून घेतली नाही. इतकाही मी सुधारलेलो नाही.

बाकीच्या चुका दुरुस्त करायला दोन महिने लागले. बसवलेली सगळी दारं आठवून काढली. सासरची कुलपं नऊ निघाली, नऊच्या नऊ मी माहेरी पाठवलेली. पुणतांब्याच्या एका खताच्या गोदामाला गेलो, नागापूरला दोन कारखान्यांत गेलो, बाकीची नगरातच. प्रत्येक ठिकाणी काय चुकलं ते सांगितलं, प्रत्येक ठिकाणी ‘नको’ला हसले. गोदामाचे मालक म्हणाले, चालतंय ना चाचा, मग राहू द्या. मी म्हटलं, चालत नाही, अजून कुत्र्याला कळलेलं नाही एवढंच.

मागच्या महिन्यात पारनेरकडं काम होतं. परतताना पतसंस्थेपाशी उतरलो. गुरुवार होता, संध्याकाळचे साडेपाच. हिराबाई दार लावत होत्या. मोटरचं बटण बंद केलं, चावी फिरवली, काच तीनदा ओढली. घटकाभर पायरीवर बसल्या, मग उलटा हात कुलपाला लावला.

मी रस्त्यावरूनच विचारलं, “कसं आहे?”

त्यांनी हात तसाच ठेवला आणि वळून माझ्याकडं बघितलं.

“गार हाय,” त्या म्हणाल्या. “नांदतंय सासरी.”